व्हेनिसला एक दिवस पुरतो का? सोबत सत्तरीचे आईवडील आहेत, पायी फिरणं जमेल का आणि रात्री गल्ल्यांतून चालणं सेफ आहे का?

दिवस पुरतो का ते सांगते, पण आधी तुम्ही खाली जे लिहिलंय त्याबद्दल. "मोठा भाऊ म्हणतो आईबाबांना इतकं चालवणार नाही, मेस्त्रेला स्वस्त हॉटेल घेऊ, सकाळी जाऊन संध्याकाळी परत." हे वाक्य मी जसंच्या तसं ऐकलेलं आहे, माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

मी म्युनिकजवळ राहते. आई आमच्याकडे आली होती तेव्हा ऑक्टोबरात तिला व्हेनिसला न्यायचं ठरवलं आणि दादाने पुण्याहून फोनवर सगळा प्लॅन हातात घेतला. तो आधी ग्रुप टूरने जाऊन आलेला. म्हणजे बस बाहेर पार्किंगला, तिथून बोटीने सान मार्को हा मुख्य चौक, फोटो, काचेचा कारखाना, गोंडोला, परत बस. त्याच्या मते तेवढंच बघण्यासारखं आहे, बाकी सगळ्या गल्ल्या सारख्याच, वासही येतो, आणि चारशेवर पूल आहेत, आईचे गुडघे बघ जरा. आईचे गुडघे दुखतात हे खरंच आहे. पण आईला कुणी विचारलं होतं का? नाही. ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती आणि आम्ही दोघं तिच्या गुडघ्यांवर भांडत होतो. मग तीच आतून म्हणाली, राहायचं तर पाण्याच्या गावातच राहू, स्टेशनापाशी कशाला राहायचं. झालं, मी कान्नारेजो भागात खोली घेतली. मेस्त्रेपेक्षा महाग पडली हे कबूल, पण मेस्त्रे म्हणजे खाडीपलीकडचं साधं शहर आहे, ट्रेनने दहा-बारा मिनिटांवर. तिथे राहिलात की रात्री नऊ वाजल्यापासून परतीच्या गाडीचा विचार सुरू, आणि व्हेनिस खरं तर नऊनंतरच मोकळं होतं.

आता चालण्याचं. गाडी, रिक्षा, सायकल, स्कूटर, यातलं जुन्या शहरात काहीच नाही. चालायचं नाहीतर बोटीत बसायचं. लोक पुलांना घाबरतात, पण बहुतेक पूल दहा-पंधरा पायऱ्यांचे आहेत. आणि कुठून चालता यावर सगळं अवलंबून असतं हे टूरवाले सांगत नाहीत. स्टेशनवरून रिआल्तोचा पूल आणि रिआल्तोवरून सान मार्को या रस्त्यावर गर्दीत उभं राहून राहूनच म्हातारं माणूस दमतं. त्याउलट कान्नारेजोच्या उत्तरेला तीन लांबलचक कालवे एकमेकांना समांतर आहेत, काठाने सरळ फरसबंदी रस्ता, तिथे पूल न चढता आरामात लांबवर चालता येतं. दक्षिणेला झात्तेरेचा काठही तसाच, समोर जुदेक्का कालव्याचं रुंद पाणी, सूर्यास्ताला तिथेच जा.

आम्ही सकाळी घेट्टोत, म्हणजे ज्यूंच्या जुन्या वस्तीत, गेलो. १५१६ मध्ये इथे ज्यूंना एका बेटावर राहायची सक्ती झाली, रात्री दारं बंद, पहारेकरी, आणि त्या पहाऱ्याचा पगारही ज्यूंनीच द्यायचा. जागा वाढेना म्हणून घरं उंच होत गेली, व्हेनिसमध्ये एवढे मजले एरवी दिसत नाहीत. १७९७ मध्ये नेपोलियनचं सैन्य आलं तेव्हा ती दारं गेली. आईने हे सगळं ऐकून घेतलं पण तिची नजर भलतीकडेच होती. चौकात तीन दगडी आड होते, लोखंडी झाकणं बसवलेले. ती म्हणाली, खाऱ्या पाण्यात आड कसला?

आई माणची. १९७२ च्या दुष्काळात सोळा वर्षांची असताना तिने दुष्काळी कामावर खडी फोडलेली आहे. पाणी कुठून येतं, किती येतं आणि आधी कुणाला मिळतं हे तिला कुठेही गेलं तरी कळायला लागतं. तर मी वाचून तिला सांगितलं, की हे आपल्यासारखे झऱ्याचे आड नाहीत. चौकाखाली मोठा खड्डा खणून तो चिकणमातीने लिंपायचा म्हणजे खारं पाणी आत येणार नाही, मग त्यात वाळू भरायची आणि मधोमध विटांची विहीर. वरची फरशी थोडी उतरती, तिच्यात दगडी जाळ्या, पावसाचं पाणी जाळीतून वाळूत, वाळूतून गाळून विहिरीत. पाऊस कमी पडला की ब्रेन्ता नदीचं पाणी होड्यांतून आणून त्यात ओतायचे. मुख्य जमिनीवरून नळाने पाणी आलं ते १८८४ मध्ये. म्हणजे हजार वर्षांच्या दर्यावर्दी साम्राज्याची राजधानी पावसाच्या पाण्यावर जगली! आई त्या जाळीशी वाकून बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहून विचारलं, अजून कुठं आहेत?

आणि तिथून पुढे सगळा दिवस आम्ही आड शोधत फिरलो, मी नाही, ती पुढे आणि मी मागे. जवळजवळ प्रत्येक काम्पोत, म्हणजे चौकात, एक तरी असतोच, कुठे साधा, कुठे कोरीवकाम केलेला, कुठे सिंहाचं तोंड. काठाच्या दगडावर दोराच्या खाचा पडलेल्या दिसल्या की ती बोट फिरवून बघायची. ज्या बाईला चालवणार नाही म्हणत होते ती बाई गल्लीच्या टोकाला उजेड दिसला की म्हणायची, तिकडं चौक असणार, चल. पुलावर तिने एक युक्ती उचलली, भाजीची चाकवाली पिशवी घेतलेल्या तिथल्याच एका म्हाताऱ्या बाईला बघून. कठड्याला हात, थोडं तिरकं चढायचं, वर थांबून पाणी बघायचं, मग उतरायचं. त्या बायका रोज असंच बाजारहाट करतात. १९५१ च्या सुमाराला जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं होती, २०२२ मध्ये पन्नास हजारांच्याही खाली आली, तरुण निघून गेले, आणि राहिलेल्यांत म्हातारी खूप. त्यांच्या पायाने चालते ती सगळी वस्ती, आणि आपण म्हणतो वयस्करांना व्हेनिस झेपत नाही.

दुपारी सान्ता सोफियावरून त्राघेत्तोने मोठा कालवा ओलांडून रिआल्तोच्या मासळीबाजाराकडे गेलो. ही गोंडोलाच असते, फक्त या काठावरून त्या काठावर, माणशी दोन युरो. सरकारी दराने गोंडोलाच्या अर्ध्या तासाला नव्वद युरो आहेत, संध्याकाळी सातनंतर एकशे दहा, पूर्ण होडीचे. घ्यायची तर घ्या, मला विचाराल तर त्या पैशात शहरात एक रात्र जास्त राहा.

रात्रीबद्दल. सेफ आहे. अगदी स्पष्ट सांगते, मी युरोपात जिथे जिथे रात्री चालले आहे त्यात इतकं निर्धास्त कुठेच वाटलं नाही. गाडी नाही, म्हणजे मागून काही येऊन धडकायची भीतीच नाही, पावलांचा आवाज लांबून येतो. खिसेकापू दिवसा असतात, रिआल्तोच्या पुलावर आणि वापोरेत्तोच्या, म्हणजे सार्वजनिक बोटीच्या, दारात. रात्री सांभाळायचं ते काठाला, कारण बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. पुलांच्या पायऱ्यांना मात्र कडेला पांढरा इस्त्रियन दगड बसवलेला असतो, तो अंधुक उजेडातही उठून दिसतो. हे आईने मला दाखवलं, कुठल्या गाइडने नाही.

आम्ही दहाच्या पुढे सान मार्कोवरून निघालो. दिवसा जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. सान्ता मारिया फोर्मोझावरून पुढे जाताना मोबाइलवरचा निळा ठिपका पाण्यात उडी मारून पलीकडच्या घरात गेला, अरुंद गल्ल्यांत जीपीएसचं असंच होतं, आणि आमची गल्ली सरळ कालव्यात संपली. आई म्हणाली मागं फिर, आणि मागे फिरलो, एवढंच. भिंतींवर पिवळ्या पाट्या असतात, रिआल्तो, फेरोव्हिया म्हणजे स्टेशन, त्या बाणांवर विश्वास ठेवा. घरांच्या नंबरावर नको, ते गल्लीप्रमाणे नसून अख्ख्या विभागाला एकच मालिका असते, हजारोंत जाते, म्हणून हॉटेलचा पत्ता दाखवून काही होत नाही, जवळचा चौक किंवा चर्च लक्षात ठेवा.

मग सान्ती जोव्हान्नी ए पाओलोचा मोठा चौक लागला. एका बाजूला कोल्लेओनी या सेनापतीचा घोड्यावरचा पुतळा, शेजारी सुंदर संगमरवरी दर्शनी भिंत, ते चक्क शहराचं हॉस्पिटल आहे, अॅम्ब्युलन्सही बोटच. आणि चौकात लहान मुलं कोरलेला आड. आई त्याच्या पायरीवर टेकली. मी म्हटलं दमलीस का, जवळच्या धक्क्यावरून बोट घेऊ. ती म्हणाली, दमले नाही, मला कुणी घाई करत नाहीये ना, मग दमायला काय झालं. मी तिचा तिथे फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, भारतात पहाटेचे अडीच-तीन वाजले असतील. सकाळी दादाचं उत्तर, "एवढ्या रात्री तिला बाहेर?" आड दिसला नाही, तिचा चेहरा दिसला नाही, फक्त वेळ दिसली. तो आईवर जीव टाकतो, तिच्या औषधांच्या वेळा त्यालाच पाठ आहेत, हे मला मान्य आहे. पण काळजी करणं आणि तिच्या वतीने निर्णय घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे त्याला अजून पटलेलं नाही. दर दिवाळीला विषय निघतोच.

बरं, तुमचे मुद्दे. एक दिवस पुरत नाही, दोन रात्री शहरातच राहा. स्टेशनापासून कमी पूल लागतील असं हॉटेल बघा, चाकाची मोठी बॅग पुलावरून ओढणं हे पायी फिरण्यापेक्षा जास्त त्रासाचं. काम्पोंमधल्या बाकावर बसा, पुलाच्या पायऱ्यांवर बसू नका, दंड होतो. सार्वजनिक नळांचं पाणी पिण्याचं आणि फुकट आहे, टॉयलेटला पैसे पडतात आणि ती संध्याकाळी बंद होतात, तेव्हा कॉफी घेताना उरकून घ्या, कॉफी काउंटरला उभं राहून बरीच स्वस्त.

२०२४ पासून काही ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश फी लागते, सकाळी साडेआठ ते दुपारी चार, पाच युरो, ऐनवेळी काढली तर दहा. मुक्काम असेल तर माफ, मेस्त्रेलाही माफ, पण ऑनलाइन नोंद करून कोड जवळ ठेवावा लागतो. भरतीचं पाणी शरद-हिवाळ्यात चढतं. २०१९ च्या नोव्हेंबरात १८७ सेंटीमीटरपर्यंत गेलं होतं. २०२० पासून खाडीच्या तोंडाशी अडथळे उभे करतात त्यामुळे फरक पडलाय, तरी तेव्हा जात असाल तर अंदाज बघून बूट घ्या. उन्हाळ्यात ओहोटीला वास येतो हे दादाचं खरं आहे, ऑक्टोबरात आम्हाला आला नाही.

आणि हो, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा तोल जात असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. मग चोवीस तासांचा वापोरेत्तो पास काढा, पंचवीस युरो, कारण एकेक तिकीट साडेनऊला पडतं. एक नंबरची बोट मोठ्या कालव्याने सगळं शहर फिरवते, रात्री तर बसायलाही जागा मिळते. पण हे ठरवायच्या आधी भावाला नाही, आईबाबांना फोन लावा. दोघांना वेगवेगळं विचारा, कारण माझ्या अनुभवाने बाबा हो म्हणाले की आई आपलं मत सांगतच नाही.