ओलं लाकूड विकू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज परत परत वाचला. ट्रकभर ताजे ओंडके कमी भावात मिळतायत, घ्यावेत का, आणि थंडी पडायच्या आत फोडून विकले तर पैसे लगेच मोकळे होतील का, असं विचारलंयस. पहिल्याचं उत्तर हो, जरूर घे, पण अर्धाच ट्रक. दुसऱ्याचं नाही. ते लाकूड पुढच्या थंडीचं आहे, या थंडीचं नाही. एवढी एक गोष्ट तू मानलीस तर बाकीचं मी सांगतोय ते जमेल तसं कर, मागेपुढे झालं तरी चालेल.

मी माझ्या पहिल्या वर्षी अगदी हेच केलं होतं. फोडलं, सहा आठवडे उन्हात टाकलं, टोकांना भेगा पडल्या, साल सुटायला लागली, मला वाटलं वाळलं. मग एका आजींचा निरोप आला की पेटत नाहीये. मला वाटलं पेटवायची पद्धत चुकत असेल, म्हणून गेलो आणि स्वतःच शेगडीसमोर बसलो. अर्धा तास. लाकडाच्या टोकातून पाण्याचा फेस येत होता, सूं सूं आवाज, खोलीभर धूर, आणि आजी त्या थंडीत खिडकी उघडून उभ्या. मी सगळं लाकूड परत नेलं, पैसे दिले, पण बदल्यात द्यायला माझ्याकडे कोरडं लाकूडच नव्हतं ना. पैसे परत मिळून त्यांचं घर काही गरम होणार नव्हतं. हे मला आजही लागतं.

हे का होतं ते नीट समजून घे कारण उद्या गिऱ्हाईक तुला विचारणार आहे. ताज्या लाकडाच्या वजनात कधीकधी निम्मं पाणीच असतं. समज १००० किलो ओंडके आणलेस, त्यात ५०० किलो पाणी. ते पाणी एकूण वजनाच्या २० टक्क्यांवर येईपर्यंत वाळवलंस की हातात उरतात ६२५ किलो, पावणेचारशे किलो हवेत गेले. म्हणजे घेताना वजनावर घेतेस तेव्हा तू पाण्याचेपण पैसे मोजतेस, हे धरूनच भाव ठरव. आणि विजेच्या भाषेत सांगायचं तर २० टक्क्यांचं लाकूड किलोमागे साधारण ४ युनिट उष्णता देतं, निम्मं पाणी असलेलं जेमतेम सव्वादोन. लोक म्हणतात पाणी उकळण्यात उष्णता जाते, जाते खरी, पण मोठं नुकसान तिथे होत नाही. लाकूड तापलं की त्याचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग वायू होऊन बाहेर पडतो आणि आपल्याला दिसते ती ज्वाला म्हणजे हा वायूच जळत असतो. ओल्या लाकडात आग गार राहते, मग तो वायू न जळता नुसता धूर होऊन निघून जातो, धुराड्याच्या आतून डांबरासारखा काळा चिकट थर धरतो, आणि तो थर कधी पेटला तर घरालाच आग लागू शकते. ओलं लाकूड विकणं ही नुसती फसवणूक नाही गं, धोका आहे.

ओलावा मोजायचा सुयांचा मीटर घे, पण तो कसा वापरायचा तेही शिक. बाहेरून, टोकाला सुया टोचल्यास तर तो नेहमी छान आकडा दाखवणार, कारण टोक सगळ्यात आधी वाळतं. लाकूड मधोमध ताजं फोडायचं आणि आतल्या नव्या बाजूवर, मधल्या भागात, लाकडाच्या रेषेच्या (तंतूंच्या) दिशेने सुया टोचायच्या, आणि थप्पीतले वेगवेगळ्या जागचे चारपाच तुकडे तरी बघायचे. दुसरं म्हणजे बहुतेक मीटर कोरड्या लाकडाच्या वजनाशी तुलना करून टक्के दाखवतात, एकूण वजनाशी नाही. मीटरवर २५ दिसले तर एकूण वजनात पाणी २० टक्के. गिऱ्हाइकाशी बोलताना कुठला आकडा सांगतेयस ते स्पष्ट ठेव. तीसच्या वर गेलं की त्या आकड्याच्या फार नादी लागू नकोस, तिथे मीटर अंदाजच सांगतो, ओलं आहे एवढं कळलं तरी पुरे. मला स्वतःला वजनकाटा जास्त आवडतो. प्रत्येक थप्पीतला एक तुकडा खूण करून ठेव, दर आठवड्याला तोल, वहीत लिही. वजन भराभर उतरतं, मग हळूहळू, मग थांबतं. थांबलं म्हणजे त्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. मग आतून फोडून मीटर लाव.

वाळवणं म्हणजे नुसतं ठेवून देणं नाही. लाकडातलं पाणी रेषेच्या दिशेने, म्हणजे टोकांतून, बाजूंपेक्षा कितीतरी पटीने लवकर निघतं, म्हणून आधी बेताच्या लांबीचे तुकडे कर आणि आल्याआल्या फोड. ओंडके तसेच पाडून ठेवलेस तर साल पाणी अडवून धरते आणि आत बुरशी सुरू होते. ताजं फोडायला बऱ्याचदा सोपंही जातं. निलगिरीसारख्या पिळाच्या लाकडाला तर वाळू दिलंस की कुऱ्हाड अडकून बसते. थप्पी जमिनीला टेकवायची नाही, खाली पॅलेट (माल ठेवायची लाकडी चौकट) किंवा जाड फाटे, रुंदीला एकच ओळ, दोन्ही बाजू वाऱ्याला उघड्या, फक्त डोक्यावर पत्रा. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळलेली थप्पी मी बघतो तेव्हा मला हात लावून सोडवावीशी वाटते, आत नुसती वाफ कोंडते. ऊन चांगलं पण वारा जास्त महत्त्वाचा. उंची छातीपर्यंतच ठेव, कारण लाकूड वाळताना आखडतं आणि सगळीकडून सारखं आखडत नाही, थप्पी महिन्या दोन महिन्यांत एका अंगाला कलते. लहान मुलं खेळत असतील तिथे तर फारच जप.

आणि खडूने तारीख लिही प्रत्येक थप्पीवर. आधी आलेलं आधी जाईल. हलकं नरम लाकूड सहा महिने ते वर्षभरात तयार होतं, बाभळीसारख्या जडला एक ते दोन वर्षं धर. किलोमागे उष्णता दोघांची जवळपास सारखीच गं, फरक एवढाच की जड लाकडात त्याच जागेत जास्त किलो मावतात आणि निखारा जास्त वेळ टिकतो. नरम लाकडाला लोक उगाच नावं ठेवतात, पेटवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

त्यावरून ढलप्यांचं, म्हणजे आग पेटवायच्या बारीक तुकड्यांचं. माझं ऐकशील तर पहिल्या वर्षी वखारीचा खर्च ढलप्यांवरच काढ. बारीक चिरलेलं लाकूड लवकर वाळतं, जागा कमी घेतं, आणि रोज पेटवणाऱ्या माणसाला रोज लागतं. सरळ रेषेचं, गाठ नसलेलं नरम लाकूड निवड, बोटाएवढं जाड, वीतभर लांब, सगळं एकसारखं. पाव इंचाच्या काडक्या भुर्रकन जळून जातात आणि मनगटाएवढं जाड पेटतच नाही, दोन्ही आकारांची तक्रार येते. मोळी सुतळीने बांध किंवा जाळीच्या पिशवीत भर, बंद प्लास्टिकमध्ये नको, आतून घाम धरतो आणि पांढरी बुरशी येते. सुतारकामाच्या जागेतून उरलेले तुकडे मिळतात, चांगले असतात, पण रंग दिलेलं, प्लायवूड, एमडीएफ, किंवा वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड एकही तुकडा घेऊ नकोस. त्या औषधात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकतं, जाळल्यावर ते धुरात आणि राखेत येतं आणि राख लोक झाडांना घालतात. पॅलेट फोडणार असशील तर शिक्का बघ, एचटी म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालतं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायू दिलेलं, ते बाजूला. शिक्काच नसेल तर तेही बाजूला.

चिरताना एका हाताने तुकडा धरून दुसऱ्या हाताने कोयता मारायचा नाही. नाहीच. पातं लाकडावर टेकव आणि वरून लाकडी मोगरीने ठोक, हात पात्याच्या वाटेतच येत नाही. चेनसॉ वापरशील तर पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही लागू देऊ नकोस, तो लागला की करवत उसळून तोंडावर येते. दमल्यावर मशीन बंद. हायड्रॉलिक फोडणी मशीनवर एका वेळी एकच माणूस, लाकूड ठेवणारा आणि दांडा ओढणारा वेगळे असले की बोटं जातात.

माप कसं द्यायचं हे विचारलं नाहीस पण भांडणं तिथेच होतात. रचलेला एक घनमीटर गाडीत मोकळा टाकला की साधारण दीड घनमीटर दिसतो, तेच लाकूड! म्हणून रचून की मोकळं हे पावतीवर लिही. वजनावर विकणार असशील तर ओलाव्याचा आकडापण लिही, नाहीतर ओलं विकणाऱ्याचाच फायदा होतो आणि तुझं कोरडं लाकूड महाग वाटतं. गिऱ्हाइकाला त्याच्यासमोर एक तुकडा फोडून मीटर लावून दाखव. दोन मिनिटं जातात, पण पुढच्या वर्षी तो भाव विचारत नाही.

लाकूड कुठून आलं याचा कागद ठेव, तोडीची परवानगी, मालकाची सही, सगळं. कागद नसलेला स्वस्त माल दारात आला तर परत पाठव. आणि जवळचं लाकूड जवळच विक, त्याचं कारण फक्त वाहतूक नाही. सालीखाली किडे असतात. अमेरिकेत २००२ मध्ये एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा एक हिरवा भुंगा सापडला, मूळ आशियातला, तो स्वतः उडून थोडंच अंतर जातो, पण लोकांनी गाड्यांत घालून नेलेल्या जळाऊ लाकडातून लांबलांब पोचला आणि कोट्यवधी अ‍ॅश नावाची झाडं मेली. एका मोळीतून जंगल जाऊ शकतं हे मला फार उशिरा कळलं, तुला आत्ताच सांगतोय.

पैशाचं म्हणशील तर वर्षभर रक्कम थप्पीत अडकणार, ते खरं आहे आणि त्याला पळवाट नाही. म्हणून पूर्ण ट्रक घेऊ नकोस, अर्धा घे, उरलेल्या पैशातून आधीच वाळलेलं थोडं लाकूड मीटर लावून विकत घे आणि या थंडीत तेवढंच विक, संपलं की संपलं म्हणून सांग. कुणी म्हणेल ओलं असेल तरी दे, चालेल आम्हाला. नको देऊस. त्याला ढलप्या दे आणि पुढच्या वर्षीचं नाव लिहून घे.

ओंडके आले की पहिल्याच दिवशी एक तुकडा फोडून तोल आणि वजन मला कळव, मग दर रविवारी. माझ्याकडे जुना पत्रा पडलाय दोन थप्प्यांपुरता, तो घेऊन जा.

तुझा,
काका