अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लेक्झिंग्टनला पहिली गोळी कोणी झाडली? आणि साध्या शेतकऱ्यांनी इंग्रज फौजेला कसं पळवलं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आजवर कोणालाच मिळालेलं नाही. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे बॉस्टनजवळच्या लेक्झिंग्टन गावच्या मैदानात कॅप्टन जॉन पार्करची सत्तर-ऐंशी गावकरी माणसं उभी होती आणि समोर त्यांच्या कितीतरी पट इंग्रज शिपाई. पांगा म्हणून हुकूम झाला, माणसं पांगायलाही लागली, तेवढ्यात कुठून तरी बार उडाला. नंतर दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवलं. आठ गावकरी मेले. पण माझ्या मते या एका गोळीचा फार बाऊ झालाय. दिवस फिरला तो पुढच्या काँकर्ड गावात.

इंग्रजांचा सेनापती जनरल गेजने बॉस्टनहून सुमारे ७०० शिपाई पाठवले होते, ते काँकर्डचा दारूगोळा जप्त करायला. तिथल्या लोकांनी बराचसा साठा आधीच हलवलेला. हाती लागलेले तोफांचे गाडे शिपायांनी पेटवून दिले. धूर पाहून टेकडीवर जमलेल्या चारेकशे जणांना वाटलं, आता गावच जाळताहेत! ते नॉर्थ ब्रिजकडे उतरले. इथे मात्र आधी गोळ्या इंग्रजांनीच झाडल्या, यात वाद नाही. मग गावकऱ्यांच्या मेजर बट्रिकने उलट गोळीबाराचा हुकूम दिला.

आता ‘साधे शेतकरी’. शेती करायचे हे खरं, पण १७७४ पासून गावोगावी त्यांची कवायत चालू होती आणि काही जण तर पूर्वी फ्रेंचांविरुद्ध राजाच्याच बाजूने लढलेले. इंग्रजांच्या परतीच्या वाटेवर गावागावांतून ताज्या तुकड्या येत राहिल्या आणि दगडी कुंपणांआडून, झाडांआडून मारा करत राहिल्या. सगळे अचूक नेमबाज होते ही दंतकथा. बहुतेक बंदुकांच्या नळ्या आतून गुळगुळीत, लांबचा नेम धरणं अवघडच. लेक्झिंग्टनला इंग्रजांचा लॉर्ड पर्सी हजारभर माणसं आणि दोन तोफा घेऊन आला नसता, तर काँकर्डहून परतणारी ही इंग्रज तुकडी बॉस्टनला पोचली असती असं मला वाटत नाही. त्यानंतरही मेनॉटमीत, म्हणजे आजच्या आर्लिंग्टनमध्ये, घराघरांत शिरून मारामारी झाली. दिवसअखेर इंग्रजांचे ७३ मेले, वसाहतवाल्यांचे ४९.

महत्त्वाचं म्हणजे हे वसाहतवाले घरी गेले नाहीत. त्यांनी बॉस्टनलाच वेढा घातला. १७ जूनला इंग्रजांनी ब्रीड्स हिल जिंकली (नाव पडलं शेजारच्या बंकर हिलचं), पण त्यांची हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली. बॉस्टन त्यांनी सोडलं ते मार्च १७७६ मध्ये. वसाहतवाल्यांच्या हेन्री नॉक्सने टायकाँडेरोगाच्या किल्ल्यातून बर्फातून ओढत आणलेल्या तोफा तेव्हा शहरासमोरच्या डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर चढल्या होत्या.