डिजिटल स्टेनिंग शिकताना आधी जोड्या जुळव

डिजिटल स्टेनिंग म्हणजे न रंगवलेल्या ऊतीच्या चित्रावर संगणकाच्या मॉडेलने रंग उमटवणं. ते शिकताना कोणतं मॉडेल घ्यावं हा प्रश्न तूर्तास बाजूला ठेव; आधी न रंगवलेल्या आणि रंगवलेल्या चित्रांच्या जोड्या नीट जुळव. यूसीएलए या अमेरिकेतल्या विद्यापीठातल्या आयदोआन ओझजान यांच्या गटाने २०१९ मध्ये न रंगवलेल्या ऊतींच्या ऑटोफ्लुरोसन्स (ऊतीची स्वतःची नैसर्गिक चमक) चित्रांवरून एच अँड ई, मॅसन ट्रायक्रोम यांसारखे पॅथॉलॉजीत वापरले जाणारे रंग उमटवून दाखवले. त्यांनी आधी ऊतीचा न रंगवलेला पातळ छेद टिपला, मग तोच रंगवून पुन्हा स्कॅन केला. खरी मेहनत इथेच आहे. रंगवताना छेद ताणला जातो, कुठे दुमडतो. दोन चित्रांत जागेचा पेशीच्या केंद्रकाएवढा जरी फरक राहिला तरी मॉडेल पुसट, सरासरी रंग देऊ लागतं. म्हणून आधी पूर्ण स्लाइड, मग छोटे तुकडे जुळव आणि चित्रं एकमेकांवर ठेवून केंद्रकांच्या कडा स्वतःच्या डोळ्यांनी तपास. कंटाळा करू नकोस.

ट्रेनिंग-टेस्टची विभागणी पेशंटनुसारच कर, नाहीतर एकाच पेशंटचे तुकडे दोन्हीकडे येऊन आकडे फसवे येतील.

एसएसआयएम (दोन चित्रं किती सारखी आहेत हे सांगणारा आकडा) चांगला आला म्हणून लगेच हुरळून जाऊ नकोस. गॅन (चित्रं तयार करणारं एक प्रकारचं मॉडेल) मुळात नसलेलं केंद्रकही अगदी सुबक रंगवून देतं, आणि कॅन्सरच्या निदानात तेच घातक ठरतं. खरी स्लाइड कोणती हे न सांगता पॅथॉलॉजिस्टना खरी आणि मॉडेलने रंगवलेली अशी दोन्ही चित्रं दाखव. दुमडलेल्या, फोकस सुटलेल्या भागांवरही मॉडेल मुद्दाम चालवून बघ.