टायमिंग लाइट नसताना जुन्या फियाट ११०० चं इग्निशन टायमिंग घरी लावता येईल का?

हो, येईल, स्पार्क नेमका कधी पडतो ते लावायला १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प (दोन वायरींचा साधा दिवा) पुरतो. आमच्या म्हापशाच्या गॅरेजात जुन्या फियाट याच पद्धतीने लावतो. आधी डिस्ट्रिब्युटरमधले (सिलिंडरांना पाळीने स्पार्क पोचवणारा भाग) पॉइंट्स, म्हणजे उघडझाप करणारे संपर्क, साफ करून फिलर गेजने (गॅप मोजायची पातळ पट्टी) त्यांच्यातला गॅप लावा, साधारण ०.४५ मिमी. हा क्रम चुकवू नका: गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. कमी गॅपला पॉइंट्स उशिरा उघडतात, म्हणजे स्पार्क मागे पडतो. मग एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीवरची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर जुळवा. डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर एक नंबरच्या वायरकडे हवा (फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांना स्पार्क मिळण्याचा क्रम, १-३-४-२). लॅम्पचं एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. इग्निशन चालू करा, डिस्ट्रिब्युटर धरून ठेवणारा क्लॅम्प ढिला करा आणि डिस्ट्रिब्युटर आधी रोटरच्या दिशेने थोडा फिरवून मग उलट दिशेने अगदी हळू आणा. दिवा पेटला त्या क्षणी थांबा आणि क्लॅम्प आवळा. इग्निशन लगेच बंद करा, कॉइल तापते.

मात्र डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बुशमध्ये (त्याला धरणारी धातूची नळी) हलत असेल तर ही मेहनत वाया जाईल. आधी बुश बदला. खरी परीक्षा चढावर होते. केरीहून चोर्ला घाट चढताना इंजिन खडखडलं तर स्पार्क एक-दोन अंश मागे घ्या. खडखड सहन करत गाडी दामटू नका, पिस्टन जातो. आपल्याकडच्या दमट हवेत पॉइंट्सवर गंज लवकर चढतो, म्हणून पावसाळा संपला की गॅप पुन्हा तपासा.