तुलना नंतर, मेज आधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण वाचले आणि सोबतची चिठ्ठीही. 1 नोव्हेंबर 1954 च्या पहाटे अल्जेरियात उठाव झाला आणि त्याच दिवशी फ्रान्सने पुदुच्चेरी, कारैकल, माहे व यानम यांचा कारभार भारताच्या स्वाधीन केला, हे लक्षात आल्यापासून तुझी पंचाईत झालेली दिसते. हा योगायोग तळटीपेत ढकलावा, की ‘एकीकडे बंदूक, दुसरीकडे वाटाघाटी’ अशी मांडणी करावी, असे तू विचारतेस. दोन्ही करू नकोस. एकाच तारखेच्या दोन घटना समोर आल्या की तुलना नंतर. आधी त्या दोन्हींचे कागद ज्या मेजावर आले, ते सत्तेचे मेज शोधायचे.

येथे तर ते शोधायला फार श्रमही पडत नाहीत. पिएर मँदेस-फ्रान्स पंतप्रधान होते आणि परराष्ट्र खातेही त्यांच्याकडेच होते. मे महिन्यात व्हिएतनाममधील दिएन बिएन फू हा फ्रेंच लष्करी तळ पडला, जुलैत तेथील युद्ध थांबवणारा जिनिव्हाचा करार झाला, महिनाअखेरीस ट्युनिशियाला अंतर्गत स्वायत्तता देऊ केली गेली आणि 21 ऑक्टोबरला दिल्लीत हस्तांतराच्या करारावर सह्या झाल्या. सोडून देण्याचा असा सपाटा लावलेले हे गृहस्थ 12 नोव्हेंबरला संसदेत ठणकावून सांगतात की अल्जेरियाचे प्रांत हा प्रजासत्ताकाचाच भाग आहे. त्यांचे गृहमंत्री फ्रान्स्वा मितराँ तर अल्जेरिया म्हणजेच फ्रान्स, असे म्हणून मोकळे होतात. मेज तेच, माणसे तीच, मग हात आखडला कशाने? अल्जेरिया 1848 पासून कागदोपत्री फ्रान्सचा प्रांतच होता, तेथे सुमारे 10 लाख युरोपीय राहत होते आणि त्यांचे प्रतिनिधी पॅरिसच्या संसदेत बसत होते. पुदुच्चेरीसाठी पॅरिसमध्ये कोणाचे सरकार पडणार होते?

आणि तू ज्याला शांततेचा मार्ग म्हणतेस, तोही एवढा गुळगुळीत नव्हता. भारताने जकात आणि परवाने यांचा फास आवळत आणला होता. यानम जूनमध्ये आणि माहे जुलैमध्ये आंदोलकांनी ताब्यात घेतले होते. त्यानंतर 18 ऑक्टोबरला पुदुच्चेरीजवळच्या कीळूर येथे 178 पैकी 170 लोकप्रतिनिधींनी विलीनीकरणाच्या बाजूने कौल दिला. उलट, ज्यांच्या हाती तू केवळ बंदूक पाहतेस, त्यांचा जाहीरनामा तू पुरता वाचलेला दिसत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस अल्जेरियाच्या काबिली भागातील इघिल इमुला या खेड्यात तो स्टेन्सिलवर छापला गेला. यंत्राचा खडखडाट बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्याच घरातल्या दुकानात सोडतीचा कार्यक्रम लावून गोंगाट करवला, असे सांगतात. त्या पत्रकात सार्वभौम अल्जेरियाची मागणी आहे आणि फ्रान्सशी सन्मानाने चर्चा करण्याची तयारीही आहे. म्हणजे वाटाघाटींची तयारी दोन्हीकडे होती. उत्तर फक्त एकीकडे मिळाले.

याचा अर्थ त्या पहाटेला सोवळे नेसवावे असा नाही. ओरेस डोंगरातील तिघानिमिनच्या खिंडीत बिस्क्राहून अरिसकडे जाणारी बस अडवली गेली. तिच्यातले काईद (फ्रेंच राजवटीचे स्थानिक मुस्लिम अधिकारी) हाज सदोक मारले गेले आणि नुकताच शिकवायला आलेला गी मोनेरो हा तरुण शिक्षकही. त्याची पत्नी जखमी झाली. सामान्य नागरिकांवर हात टाकायचा नाही, असा आदेश असताना हे घडले. ही बस तुझ्या प्रकरणात आलीच पाहिजे, नाहीतर तो इतिहास नव्हे, आरती होईल.

मेज शोध, हा माझा हेका विभागात सर्वांना ठाऊक आहे आणि त्याची चेष्टाही होते. एका समितीने मला फार पूर्वी लिहून कळवले होते की आफ्रिकेचा अभ्यासक आहात, तर भारताच्या किनाऱ्यावर भटकू नका. मी भटकलो. माझ्या नावावर पुस्तके कमी आहेत ती त्यामुळे, आळसामुळे नव्हे. दोन्हीकडचे कागद वाचल्याशिवाय ओळ लिहायची नाही, असे ठरवले की पाने भराभर भरत नाहीत. खंत आहे ती वेगळीच: फ्रेंच मी चाळिशीनंतर शिकलो आणि तोवर डोळ्यांची उमेदीची वर्षे दुसऱ्यांच्या इंग्रजी गोषवाऱ्यांवर खर्ची पडली. तेव्हा ‘तूर्त इंग्रजीवर भागवते’ हे वाक्य मला पुन्हा लिहू नकोस.

गोव्याचा उल्लेख तू केला आहेस, तो चांगला आहे. पण तेथेही मेज शोध. पोर्तुगालने 1951 मध्ये वसाहतींना सागरपार प्रांत म्हणायला सुरुवात केली आणि गोवा व अंगोला एकाच खात्यावर चढवले. म्हणूनच फेब्रुवारी 1961 मधील लुआंडाचा उठाव आणि त्याच डिसेंबरमधील गोव्याची मुक्ती लिस्बनमधून पाहिली तर एकाच वर्षाच्या हिशेबात दिसतात.

शेवटी 1962. पुदुच्चेरीचा करार 1956 मध्ये झाला तरी फ्रेंच संसदेची मंजुरी मिळाली ती थेट जुलै 1962 मध्ये, ज्या महिन्यात अल्जेरिया स्वतंत्र झाला; कायदेशीर हस्तांतर 16 ऑगस्टला झाले. हे तू पाचव्या प्रकरणात टाकले आहेस. ते दुसऱ्यातच आण, आणि दोहोंचा संबंध लावण्यापूर्वी संसदेतील चर्चेचे इतिवृत्त मूळ भाषेत वाच. नवा खर्डा दिवाळीच्या सुट्टीआधी हवा.

तुझा,
सर