भातकापणीनंतर गाडीत शिरणारे उंदीर

कापणी उरकली की शेतातले उंदीर घराकडे सरकतात, आणि रात्री उबदार राहिलेलं इंजिन म्हणजे त्यांना आयतं बीळ. गाडी गवताच्या उडवीशेजारी किंवा नारळांच्या ढिगाजवळ लावू नका. डिकीत सुकट-बोंबील रात्रभर राहिले तर आमंत्रणच!

वायपरखाली हवा आत घेण्याचं तोंड असतं. तिथूनच उंदीर ब्लोअरमध्ये, म्हणजे गाडीत हवा फेकणाऱ्या पंख्यात, घर करतात. त्यावर ६ मिमी किंवा बारीक छिद्रांची स्टेनलेस स्टीलची जाळी बसवा. साधी लोखंडी जाळी खाऱ्या वाऱ्यात गंजून जाते. सायलेन्सरजवळ चिंध्या, गोण्या कोंबू नका, पेट घेतील. तंबाखूची पानं ठेवतात लोक, पण वास उडाला की उपयोग संपला. विष नकोच: उंदीर डॅशबोर्डमागे मरतो, मग दुर्गंधी काही केल्या जात नाही. त्यापेक्षा भाजलेलं खोबरं लावलेला पिंजरा चाकापाशी ठेवा.

सकाळी बॉनेट उघडून बघा. लेंड्या दिसल्या तर वायरी तपासा. पेट्रोलचा वास आला तर चावी फिरवूच नका. पाइप कुरतडलेला असू शकतो.

पहाटे आंबोली किंवा कुंभार्ली घाट चढायचा असेल तर आदल्या दिवशी स्टेपनीची हवा बघा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करूनच निघा. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर केबलने गाडी सुरू करायची वेळ आली, तर शेवटचा काळा चिमटा बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला लावा, बॅटरीला नाही. बॅटरीजवळ ठिणगी धोक्याची. धुक्यात लो बीमच.