आजोबांच्या पेटीत अमेरिकेचा १८८४ सालचा चांदीचा डॉलर सापडला. एवढं जुनं नाणं, तर त्याची किंमत कशावरून ठरते?

सगळ्यात आधी वयाचा विचार बाजूला ठेवा. १८८४ सालचा चांदीचा डॉलर म्हणजे मॉर्गन डॉलर. एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. ही नाणी १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये कोट्यवधींच्या संख्येने पाडली गेली, त्यामुळे नुसत्या जुनेपणाला फारसा भाव नाही.

आता नाणं उलटं करा. गरुडाच्या खाली फुलोऱ्याची, म्हणजे पानांच्या हाराची, गाठ आहे, तिच्याखाली बारीक अक्षर आहे का ते भिंगातून बघा. काहीच नसेल तर नाणं फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचं. 'O' म्हणजे न्यू ऑर्लिन्स, 'S' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, 'CC' म्हणजे कार्सन सिटी. तुमचं साल या बाबतीत फार बोलकं आहे. फिलाडेल्फियात त्या वर्षी १ कोटी ४० लाखांवर नाणी पडली, कार्सन सिटीत जेमतेम ११ लाख ३६ हजार. पण कार्सन सिटीच्या त्या नाण्यांपैकी नऊ लाखांहून अधिक सरकारी तिजोरीतच पडून राहिली आणि १९७० च्या दशकात विकायला निघाली. म्हणून ती आजही कोरी करकरीत मिळतात. सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट बरोबर उलट आहे. ३२ लाख नाणी पडली, पण ती लोकांच्या हातात फिरली. झिजलेलं 'S' नाणं सहज मिळतं आणि स्वस्त असतं. तेच न वापरलेलं असेल तर हजारो डॉलर.

म्हणजे किती पाडली यापेक्षा किती उरली, आणि कोणत्या अवस्थेत उरली, हे महत्त्वाचं. यात आपल्या देशाचाही हात आहे. पहिल्या महायुद्धात भारतात रुपये पाडायला चांदी कमी पडू लागली, तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटी डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांनी भारतासाठी विकत घेतली. कोणत्या सालची किती नाणी भट्टीत गेली याची नोंदच ठेवली नाही. त्यामुळे टांकसाळीचे आकडे वाचून दुर्मिळता ठरवता येत नाही. मला या नाण्यांचं वेड लागलं ते या एका गोष्टीमुळे.

तिजोरीनेही बाजार हलवला आहे. १९०३ चं न्यू ऑर्लिन्सचं नाणं या मालिकेतल्या सर्वांत दुर्मिळ नाण्यांत गणलं जायचं. १९६२ च्या अखेरीस तिजोरीतून त्याच्या पिशव्याच्या पिशव्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला.

अवस्था १ ते ७० या मापावर मोजतात. ६० आणि त्यापुढे न वापरलेलं. झीज आधी दिसते कानावरच्या केसांत आणि गरुडाच्या छातीवर. दिव्याखाली नाणं तिरकं फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखा उजेड फिरतो का बघा. तो टांकसाळीतला मूळचा तजेला, आणि संग्राहक पैसे मोजतात ते त्याचेच. म्हणून कळकळीने सांगतो, चिंच, लिंबू, टूथपेस्ट, पितांबरी, काहीही लावू नका. घासलेलं नाणं कितीही चकाकलं तरी जाणकार ते लगेच ओळखतो आणि किंमत बरीच उतरते. काळपट झालं असेल तर तसंच राहू द्या.

बनावट नाणी खूप आहेत. सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या, पण कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. वजन २६.७३ ग्रॅमच्या आसपास हवं, झिजलेलं असेल तर किंचित कमी. लोहचुंबकाला चिकटलं तर प्रश्नच मिटला. पण वजन बरोबर भरलं म्हणजे नाणं अस्सल, असंही नाही. मौल्यवान सालांवर टांकसाळीचं अक्षर मागून चिकटवलेलंही सापडतं. अस्सल असेल तर त्यात सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी आहे. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने येणाऱ्या रकमेपेक्षा कमीत ते कुणाला देऊ नका.

दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो टाका, फुलोऱ्याच्या गाठीखालचा भाग जवळून घ्या. 'S' निघालं आणि केसांच्या रेघा शाबूत असल्या, तर नाण्यांचा अस्सलपणा आणि अवस्था तपासणाऱ्या संस्थेकडे परीक्षणाला पाठवायचा खर्च करण्यासारखा आहे. नाहीतर त्या खर्चात पडू नका.